काळ्या खडकावरचा चुना

४ फेब्रुवारी १९७३
सोनईच्या पुढे. मुक्काम शाळेत. गावच्या विहिरी आटल्या, सगळी मदार टँकरवर. सरकारी भूशास्त्रज्ञ म्हणून नव्या विहिरीची जागा मी दाखवायची. सरपंच म्हणाले, "सायेब, तुमी पायाळू का? त्यास्नी पानी दिसतं म्हनं." म्हटलं, नाही हो, मी डोक्याकडूनच आलो, म्हणून तर या नोकरीत.

७ फेब्रु.
ओढ्यातल्या उघड्या खडकावर दोरी ताणायची, दोरीखाली भेग आली की चुन्याचा ठिपका. दिवसभर तेच. पाठ गेली कामातून. पण चित्र स्वच्छ. भेगा सारख्या अंतरावर नाहीत. लांबवर खडक कोरा, मग एकदम घोळका. दाट पट्टा एकच, तो सरळ गावाबाहेरच्या वस्तीत शिरतो, तिथल्या सारजाबाईच्या अंगणात. पाणी मुरलं असलं तर तिथेच. पट्ट्याच्या रेषेत तिथेही ठिपके मारले. आनंद झाला.

८ फेब्रु.
सरपंचांना जागा सांगितली, तीही आनंदाने. गाढव मी. कपबशी खाली ठेवली त्यांनी. "त्यांच्या दारातलं पानी गावानं प्यायचं व्हय?" टँकर कुणाच्या विहिरीवर भरतो, ते मात्र कुणी विचारत नाही.

१५ फेब्रु.
नगर. मोठे साहेब : "गावाशी वाकडं कशाला? थोडं इकडेतिकडे. खडक एकच ना?" हा माणूस भूशास्त्र शिकलाय!

२ मार्च
परत आलो तो सरपंचांच्या मळ्याशेजारी नारळ फुटलेला. "आता जागा हलवली तर इपरीत व्हतं, सायेब." माझ्या नकाशावर खूण तिथे सरकवून सही हवी. केली नाही. सहीवाचून खोदाई सुरू. कागद मागाहून येईलच, ही खात्री.

२० एप्रिल
कोरा, कोरडा खडक. सुरुंग नुसते वाजतात. दगड फोडायला वस्तीतलीच माणसं, सारजाबाईसुद्धा. टँकरपाशी मात्र त्यांचा नंबर शेवटी. चीड येते. माझीही.

६ मे
साहेबांचा निरोप, सोबत खूण सरकवलेला नकाशा : उद्या सही, नाहीतर बदली. सही केली की 'तज्ज्ञाने दाखवली, पाणी नाही' असं ठरून गाव विहिरींच्या यादीतून जाणार. मग वस्तीत विहीर कधीच नाही. नाही केली तर नवा माणूस येऊन करील.
संध्याकाळी सारजाबाई वाटेत थांबली. "अंगनात तुमचा चुना हाय. त्यो सोडून सारवते म्या. पुसू का आता?"
"राहू द्या, बाई."
"किती दिस?"
बिनसहीचा कागद पिशवीतच होता.