घाबरू नका, असं तो सारखं म्हणतो

ती. अक्का,

पाया पडतो (इथूनच आणि न वाकता, कारण शेवटी येईल). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला बसला, की अजून शेजाऱ्यांना उठवतो? धाकट्याचं पोट? सूनबाईंची पाठ? मांजरीचा कान? एकेकाचं नीट कळव. माझं म्हणशील तर जीव मुठीत धरून बसलोय.

तुझ्या लेकीने दातांचा दवाखाना थाटला, तेव्हा मामाच्या नात्याने आपणही काही हातभार लावावा असं वाटलं. म्हणून दवाखान्याच्या वेबसाइटवर नव्या पेशंटचं स्वागत करणारा चॅटबॉट मीच बनवला. (कुठे शिकलो म्हणू नकोस. रेडिओही मी असाच उघडून शिकलो होतो. तो परत लागला नाही, ही गोष्ट वेगळी.) नाव ठेवलं 'बोलका'. आता दातांच्या डॉक्टरकडे माणूस येतो तो पाय ओढतच. तेव्हा आधी त्याची भीती घालवावी, म्हणून सुचेल ते धीराचं वाक्य बोलक्याला शिकवलं. या, बसा, अजिबात घाबरू नका. सुई दिसते तेवढी मोठी नसते. यंत्राच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका. रक्त लगेच थांबतं. दार आतूनही उघडतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दवाखान्याकडे कुणी फिरकेना. एका शिंप्याने नुसता पत्ता विचारला, तर बोलका म्हणाला, सांगतो, पण आधी खोल श्वास घ्या, आणि घरच्यांना सांगून निघताय ना? शिंपी काही निघाला नाही. इकडे तुझी लेक रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मला विचारते, "मामा, माझा हात जड आहे का हो?" पोर रडकुंडीला आलेली, आणि मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचतोय.

शेवटी काल ती स्वतःच नवी पेशंट बनून बोलक्याशी बोलायला बसली. मी दाराशी उभा. आता ही मामाला उभं करायची नाही, असं धरूनच चाललो होतो. वाचता वाचता ती आधी पांढरी पडली, मग खुदकन हसली, मग माझ्याकडे वळली.

"मामा, हे पेशंटसाठी लिहिलेलंच नाही. इतका घाबरणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. आ करा बघू."

मी दार उघडलं. अक्का, ते आतूनही खरंच उघडतं. जिना कधी उतरलो ते कळलंच नाही.

तुझा,
पळपुटा भाऊ

ता. क. खालची डावी दाढ महिनाभर ठणकते आहे. वाकलं की जास्तच.

पुन्हा ता. क. बोलक्याची धीराची वाक्यं पुसून टाकली. आता तो 'या' म्हणतो आणि वेळ देतो, बस. शिंप्याने पुढच्या सोमवारची वेळ घेतली. पण त्याच्या आधीची वेळ तुझ्या लेकीने माझ्यासाठी राखली आहे. म्हणते, घरचाच माणूस पळाला तर बाहेरचे कशाला येतील? खरं आहे. तेव्हा तू ये. लहानपणी दात हलायला लागला की तूच माझा हात धरून बसायचीस. उत्तर लगेच धाड. 'येते' एवढंच लिही. 'घाबरू नको' मात्र लिहू नकोस, तुझ्या पाया पडतो.