चुलीवरचा कॉम्प्युटर

आई, आपला तो जुना कॉम्प्युटर परवा चालू झाला. दादाने गावचं घर पाडायला काढलंय, स्लॅबचं बांधायचं म्हणून. माळ्यावरचं सामान उतरवताना तो डबा सापडला, तर त्याने टेम्पोत टाकून इकडे महाडला माझ्या दुकानात पाठवून दिला आणि वर फोन करून म्हणाला, "भंगारात घाल, नायतर शोभेला ठेव." माझं दुकान तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी काढलं. कॉम्प्युटर, प्रिंटर, जे बंद पडेल ते लोक घेऊन येतात आणि मी त्यांना दुरुस्तीबरोबर चार शब्द सुनावते. सावित्री नदीचं पाणी घरात शिरलेलं पाहिलेली ही माणसं धान्य वर ठेवतात, कागदपत्रं वर ठेवतात आणि कॉम्प्युटर मात्र पायाशी जमिनीवर. पाणी ओसरलं की तसाच ओला वायरीला जोडून बघतात, चालतोय का. मग माझ्यापुढे येऊन उभे. मी खूप बोलते आई, जीभ अजून तशीच आहे.

दादा मुंबईहून तो घेऊन आला तो दिवस आठवतो. त्याच्या ऑफिसात नवे आले म्हणून जुना याला दिलेला. गोधडीत बांधून एसटीने पोलादपूरपर्यंत, तिथून जीपने आणि शेवटची चढण डोक्यावर. तू कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायला निघाली होतीस आणि मी ओरडले, आत जाईल म्हणून. मग तू नुसता हात जोडलास. मी तेव्हा महाडला मामाकडे राहून कॉम्प्युटरचा क्लास करत होते, शनिवारी घरी यायचे. वाडीत एवढं शिकणारी मी एकटीच, त्यामुळे माझं डोकं जमिनीपासून चार बोटं वरच असायचं.

त्या पावसाळ्यात क्लासमध्ये सरांनी आम्हाला डबा उघडून रॅमची पट्टी काढायला आणि परत बसवायला शिकवलं. रविवारी घरी मी तेच तुला करून दाखवलं. बाहेर धुकं, घरात लाइट नाही. तू एका हातात बॅटरी धरून बसलीस, दुसऱ्या हातात माझे स्क्रू. पट्टी काढली, पुसली, परत दाबली, झाकण लावलं. तू विचारलंस, "एवढ्याशा पट्टीत काय असता गो?" मी म्हटलं, आठवण असते, म्हणजे कॉम्प्युटर काम करताना जे लक्षात ठेवतो ते. तू मान डोलावलीस. लाइट आलेच नाहीत, त्यामुळे चालू करून बघणं राहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी महाडला गेले.

पुढचा सगळा आठवडा पाऊस. शनिवारी येऊन बघते तर टेबल रिकामं. डबा कुठे, तर चुलीच्या वर टांगलेल्या फळीवर. एका बाजूला बियाणाचं गाडगं, दुसऱ्या बाजूला सुकट, मध्ये तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला माझा कॉम्प्युटर. "बुरशी चढत व्हती त्याला," तू म्हणालीस. "बियाना ऱ्हाता तिथं, तर ह्यो का नाय ऱ्हानार?" तू खूश होतीस. मी तो खाली काढला, जोडला, बटण दाबलं. पंखा फिरला आणि आतून लांब, रडका आवाज, पुन्हा पुन्हा. पडदा काळाच. शेजारची काकी ताक घ्यायला आली होती, तिच्यासमोर मी तुला म्हटलं, "अडाणी ती अडाणीच राहायची. कुणी सांगितलं होतं हात लावायला?" तू पदराला हात पुसलेस. म्हणालीस, "चुकला गो माजा." काकी ताक न घेताच गेली.

त्यानंतर तू त्या डब्याला कधी हात लावला नाहीस. घर झाडताना त्याच्याभोवतीचा हातभर कचरा तसाच ठेवायचीस. एकदा कौल सरकून त्याच्यावर पाणी गळायला लागलं, तर तू त्याला न हलवता पावसात धावत मला शेतातून बोलवायला आलीस. "तुजा तू उचल," एवढंच म्हणालीस. टोमणा नव्हता तो, तुला टोमणे मारता यायचेच नाहीत. तू घाबरली होतीस. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या वस्तूला माझी आई घाबरत होती आणि मला तेव्हा वाटलं, बरं झालं, शिकली एकदाची. दोनच पावसाळे गेले आणि साध्या तापाचं निमित्त होऊन पोलादपूरच्या दवाखान्यात तू गेलीस. तापात माझा हात धरला होतास, तेव्हाही मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं.

परवा तो डबा उघडला तो सवयीने. आत काजळी असणार म्हणून तोंडाला फडकंसुद्धा बांधलं होतं. धूळ होती, पालीची अंडी होती, काजळी म्हणावी तर नखाला लागेल इतकीच, कारण तू लुगड्याचे चार पदर घेतले होतेस. आणि रॅमची पट्टी एका बाजूने वर उचललेली. तिला दोन्ही टोकांना चाप असतात, पट्टी नीट बसली की टक् असा आवाज होऊन ते मिटतात. एक मिटलेला होता, दुसरा सताड उघडा. तो लांब आवाज पट्टी नीट बसलेली नसली की होतो, हे मी आता झोपेतही सांगेन. पट्टी काढली, खोडरबराने तिचे पिवळे दात घासले, दाबली. टक्. बटण दाबलं, एकदा बारीक वाजला आणि पडदा उजळला. आतला सेल मेल्यामुळे तारीख मात्र मागे गेलेली, तू होतीस तेव्हाचं कुठलं तरी साल दाखवत होता.

कुणीही बिघडलेलं यंत्र घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं? तो प्रश्न मी त्या शनिवारी स्वतःला विचारला नाही. शेवटचं जे केलं ते मीच केलं होतं, तुझ्याच बॅटरीच्या उजेडात. उलट क्लासमध्ये जाऊन सांगितलं की आईने कॉम्प्युटर धुरी दिल्यासारखा चुलीवर ठेवला, तर सगळे पोट धरून हसले, सरही. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या तोंडी बसली. दुकानात किती जणांना सांगितली असेन. आणि खरं तर पावसाळ्यात मी गिऱ्हाईकांना सांगते काय? ओल लागू देऊ नका, कोरड्या उबेत ठेवा, रोज अर्धा तास चालू करा. धूर सोडला तर तू दुसरं काय केलं होतंस?

आई, मला फार लाज वाटते. हे पत्र टाकायचं कुठे, त्यामुळे यात तरी खोटं नको. काल दासगावची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली, सोबत तिची आई. मुलगी म्हणाली, "दमट झाला म्हणून हिने तांदळाच्या डब्यात ठेवला. हिला काय कळतं?" मी बघितलं. तांदळाने काही झालं नव्हतं, चार्जरची वायर मानेशी पिळून तुटली होती. तसं मी स्पष्ट सांगितलं, मुलीला वायर गुंडाळायची कशी ते दाखवलं. ती बाई इतकी सुटल्यासारखी हसली. मग मला विचारते, "तुमच्या आयशीनं पन कवा असा काय केलान काय?" तुझा कॉम्प्युटर माझ्या मागच्या टेबलावर चालू होता, त्याचा पंखा मला ऐकू येत होता. मी म्हटलं, "केलान ना. चुलीवर ठेवलान, जळला." त्या दोघी हसल्या आणि मीही हसले.