बहात्तर तासांचा पूल

६ ऑक्टोबर २००३
लागले कामाला! जव्हारच्या रस्त्यावरचा ओहोळाचा पूल बहात्तर तासांत बदलायचा. दिवसभर जीपा, एस.टी., बाजारकरी — एवढ्या वर्दळीचा पूल! सिमेंटचे मोठे खोके बाहेरून तयार होऊन आलेत, नुसते बसवायचे. मी वेळ नोंदवायची. इंजिनियर साहेब म्हणाले, "बी.ए. आहेस, अचूक लिहिशील." आमच्या पाड्यातली पहिली पदवी देशाच्या उपयोगी पडली.

७ ऑक्टोबर
जुना पूल आजच पाडला. तास मात्र मंत्री नारळ फोडतील तेव्हापासून मोजायचे. पाडायचा वेळ वाचला! केवढी दूरदृष्टी.

१० ऑक्टोबर
मंत्री आले नाहीत. एस.टी. पलीकडूनच परत फिरते. बायका डोक्यावर पाट्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येतात. माझा थोरला भाऊ गोरखदादा म्हणाला, "पुष्पे, तुझा साहेब पूल बांधतो का लगीन लावतो? मुहूर्तच सापडंना!" मी त्याला झटपट बांधकामाचं शास्त्र समजावलं. तो विडी ओढत राहिला.

१३ ऑक्टोबर
दादा आणि शेजारच्या नवशाने बांबूचा साकव घातला. सकाळी सुरू केला, जेवणाच्या आत माणसं पलीकडे! ना नारळ, ना वही. पोशीवहिनीचे दिवस भरत आलेत. "दवाखाना पलीकडं," दादा म्हणाला, "ती काय पोहत जाईल?"

१७ ऑक्टोबर
उद्या मंत्री नक्की! पण साकव फोटोत येतो म्हणे. दादाला मीच गळ घातली — तीनच दिवस, माझ्या शब्दावर. त्याने गाठी सोडल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

१८ ऑक्टोबर
सकाळी दहाला नारळ. क्रेन सुरू! मंत्री मोखाड्याच्या दौऱ्यावर गेले. २१ ला दहाला येऊन दुसरा नारळ फोडणार, मग पूल खुला.

२० ऑक्टोबर
दुपारी बारालाच काम संपलं — पन्नास तास! धावत साहेबांना सांगितलं. "पत्रिकेत बहात्तर छापलेत. थांबायचं."

पुलाला दोर. दोरापाशी सोम्या पहारेकरी. खुर्चीवर लाल फडक्यात नारळ.

चारला वहिनीला झोळीतून आणलं. कळा सुरू. पलीकडे जीप उभी. सोम्याने हात जोडले — "बाई, नारळ फुटल्याबिगर कुणाला सोडायचं नाही. माझी नोकरी जाईल."

त्याचं बरोबर होतं. हुकूम तो हुकूम.

नारळ मी फोडला. नव्या कठड्यावर, एका घावात. सोम्याने लगेच दोर सोडला आणि खोबऱ्यासाठी हात पुढे केला. दादा झोळी घेऊन पळाला.

वहीत नोंद: चार वाजून दहा मिनिटं. पूल खुला. उद्घाटक — पोशी.

२१ ऑक्टोबर
मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

साहेबांचा निरोप: दहाच्या आत नवा नारळ आणि वहीतलं ते पान आणून दे, मग कामावर येऊ नकोस.

नारळ पाठवला.