दुसरा नंबर

सोलापूर,
दि. ९ जानेवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
मानसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. रेश्माकडून वाचून घेऊ नकोस, भाचीपुढं मला लाज वाटेल. चष्मा लाव आणि तूच वाच.

मंगळवेढ्याकडं ज्वारी चांगली आहे असं ऐकतो. इथं गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहिलेत. माझं ठीक चाललंय. तुझी भावजय गेल्यापासून खानावळीचा डबा लावलाय. वरण गार आहे, हे रोज भिंतीला सांगतो आणि जेवतो.

आता खरं लिहितो. जिना चढताना धाप लागायची, छाती आवळायची. तपासलं तर हृदयाची एक नस पूर्ण बंद निघाली, तीही कित्येक महिन्यांपासून. वीस तारखेला तिच्यात स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवणार आहेत. औषध लावलेल्या दोन जातींच्या नळ्या आहेत. एकीवरचा औषधाचा लेप काही महिन्यांत विरघळतो, दुसरीवरचा कायम राहतो. पूर्ण बंद नसेत कोणती जास्त टिकते, हे डॉक्टर ताडून बघताहेत. मीही त्या चाचणीत नाव दिलं. कोणती बसणार ते कॉम्प्युटर ठरवेल, मला सांगणारसुद्धा नाहीत. एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर गाड्यांना मिळेल तो पार्ट बसवला, आता माझी पाळी.

अडलो ते फॉर्मवर. वर्षभर ते फोन करून विचारपूस करणार. पूनम नावाची नर्स म्हणाली, "काका, तुमी फोन उचलला न्हाय, तर तुमी हाय का न्हाय हे कुणाला इचारायचं? दुसरा नंबर द्या की."

अक्का, मला एकही नंबर देता येईना. "उद्या देतो" म्हणून उठलो.

का, ते तुला निम्मंच माहीत आहे. दाजींच्या दहाव्याला सख्खा भाऊ दुखवटा घेऊन आला नाही, म्हणून तू बोलणं टाकलंस. मी आलो होतो. तुझं लुगडं पिशवीत घेऊन मंगळवेढ्याच्या स्टँडवर उतरलो आणि तिथूनच परत फिरलो. कारण त्याच्या महिनाभर आधी दाजींचा फोन आला होता. "मानसिंग, छातीत लई आवळतंय. सोलापूरला एकदा दावू या की." मी म्हणालो, "पित्त असंल दाजी, दिवाळी हू द्या." मला कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नव्हतं. ते दिवाळीआधीच गेले. कुठल्या तोंडानं तुझ्या दारात उभा राहिलो असतो?

आता माझ्याच छातीत आवळतं तेव्हा कळतं, ते पित्त नव्हतं. फार एकटं वाटतं गं.

आज सकाळी जाऊन दुसऱ्या नंबरच्या ओळीत लिहून आलो: बजाबाई, बहीण. तुला न विचारता. नको असेल तर वीस तारखेच्या आत कळव, ती ओळ खोडून मी एकटा आत जाईन. कळवलं नाहीस, तर पूनमचा फोन तेवढा उचल. मी काय केलं ते तिला खुशाल सांग. फक्त मी तुझा कोण, ते विचारलं तर कुणी नाही म्हणू नकोस.

तू म्हणशील तो,
मानसिंग