पडल्यावरच्या टाळ्या

अर्नफिनदादा,

हे पत्र तुला द्यायचं धाडस मला होणार नाही, तरी लिहितेय.

त्या दिवशी रॉकेट कंपनीच्या कँटीनमध्ये मी वॅफल भाजत होते. उपग्रह सोडायच्या त्यांच्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण, म्हणून ऐन कॉड माशाच्या हंगामात तुमच्या बोटी धक्क्याला बांधलेल्या. रॉकेट वर गेलं, कलंडलं आणि तू जाळी टाकतोस त्याच पाण्यात कोसळलं. मागे मात्र सगळे टाळ्या पिटू लागले!

"अगं गुडनी, बघतेस काय? अर्धं मिनिट उडालं की! पहिल्या खेपेला पुष्कळ झालं," साहेब म्हणाले.

या लोकांची रीतच तशी. मग मीही वाजवल्या, दादा. एकटीच गप्प कशी उभी राहू म्हणून. कँटीनमध्येही कॅमेरा होता; माझ्या हातांवरचं पीठ उडालेलं अख्ख्या नॉर्वेनं टीव्हीवर पाहिलं.

आता तुकडे काढेपर्यंत समुद्र बंद. तुझा हंगाम गेला.

काल दुकानात तू एवढंच विचारलंस, "काय गं, हात दुखले का?" सगळे हसले. त्यापेक्षा शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

आणि आज शनिवार, तर दाराच्या कडीला नेहमीसारखी माशाची पिशवी! बोट बांधलेली असताना मासा कुठला? तुझ्याच फ्रीजरमधला असणार. वाकून पाहिलं तर काटेही काढलेले, मला लहानपणापासून जमत नाहीत म्हणून.

पिशवी अजून बाहेरच आहे. तेच हात घेऊन ती काढायची कशी?

तुझी,
गुडनी