टिपक्या कोकराचा केक

प्रिय सुमे,

काल आपल्या राणीला दोन वर्षं झाली. घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझं डोकं थंड होणार नाय, म्हणून वाळूजच्या कंपनीच्या गाडीला अवकाश आहे तोवर लिहितोय.

तू तिला झोपवताना सांगायचीस ना, कळप सोडून पळणारा टिपक्या कोकरू? तू गेल्यापासून तो मलाच सांगावा लागतो. तुझ्यासारख्या उड्या कुठून येणार मला! म्हणून ठरवलं, केक टिपक्याचाच करायचा. बेकरीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून सकाळपासून शहर बंद. बेकरीचं शटर खाली!

शेजारच्या कमलवहिनी म्हणाल्या, "भाऊ, माझा ओव्हन हाय ना. केक मी भाजते, कोकरू तुम्ही काढा." त्यांच्या मालकांना मोर्चातून पोलिसांनी नेलेलं, अजून सोडलं नव्हतं. तरी ही बाई आपल्या पोरीसाठी अंडी फेटत बसली!

लेथवर लोखंड कापणारा मी, पण लोणी-पिठीसाखरेपुढं हरलो गं. कागदाचा कोन खालून फाटला. लोकर करायला गेलो, तर नुसता चिखल. वहिनी हसून म्हणाल्या, "लोण्याचं भांडं गार पाण्यात ठेवा आधी." मग जरा जमलं. कान काजूचे, डोळे मनुकांचे, टिपके कोकोचे. एक डोळा मात्र घसरून गालावर आला.

माझी थोरली बहीण, अक्का, आदल्या दिवशीच गावाहून आली होती. वाढदिवसाला नव्हे, राणीला न्यायला! "बापाला पोरगी संभाळता येती व्हय? मी नेते. तुझं दुसरं लग्न लावू." तुझ्या साड्यासुद्धा अजून दोरीवरच आहेत, सुमे. हिला लग्न सुचतंय!

संध्याकाळी केक मांडला. वहिनी मेणबत्ती पेटवायला काडेपेटी घेऊन दारात आल्या. अक्कानं विचारलं, "भाजला कुठं हा?"

"वहिनींकडं."

तिनं ताट बाजूला सारलं. वहिनींच्या देखत! "त्यांच्या घरचं पोरीला चारतो? लाज नाय वाटत?"

वहिनी काडेपेटी उंबऱ्यावर ठेवून निघून गेल्या. माझ्या अंगाचा भडका उडाला. "अक्का, हिची आई दवाखान्यात तापानं फणफणत होती, तवा जवळ कोण बसलं होतं? तू होतीस?"

आणि खरं सांगू? तुझाही राग आला. वहिनींसाठी वेगळा ठेवलेला तो दांडी तुटलेला कप, तूच ठेवला होतास ना? त्याच बाईनं शेवटी तुझं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हा तो कप आठवला का गं तुला? आठवला असेल, तर तिला एक शब्द का नाही बोललीस? आता मी कुणाशी भांडू?

मी वहिनींना बोलवायला गेलो. म्हणाल्या, "नको भाऊ. पोरीचा दिवस हाय, भांडू नका." त्या येईनात. मग मी ताट उचललं, राणीला कडेवर घेतलं आणि त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसलो. गल्लीतली पोरं जमली. वहिनी डोळे पुसत बाहेर आल्या. राणीनं केकाकडं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, टिपक्या लडतोय!" अन् त्याचा घसरलेला डोळा उचलून तोंडात टाकला. वहिनींना इतकं हसू आलं की त्यांना सुरी धरवेना!

अक्का घरातून बाहेर आलीच नाही. आज पहाटे एसटीनं गेली. राणीला न घेता.

तुला शब्द देतो सुमे, आपली पोर कुठंही जाणार नाय. गल्लीतल्या ज्या घरात तिला भूक लागेल, त्या घरात ती जेवेल. पुढच्या वर्षी अक्का आली, तर तिलाही मानानं बसवीन. पण त्या ओट्यावर, वहिनींच्या शेजारी.

तुझाच,
राणीचा बाप