आत्याच्या बाथरूमचा रिव्हर्ब

३ फेब्रुवारी

गुहाराव आज स्टुडिओत परत आले. खरं नाव वेगळं आहे, पण ज्याला स्वतःचं प्रत्येक गाणं गुहेत बसून गायल्यासारखं हवं असतं त्याला दुसरं काय म्हणायचं? "अजून थोडा रिव्हर्ब." दिला. "अजून थोडा." दिला. तिसऱ्यांदा मी नुसता माउस इकडून तिकडे फिरवला, बटणाला हातही लावला नाही. "हां! आता जमलं."

धन्य आहे. रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागचा घुमारा, मिठासारखा असतो, आहे हे कळलं म्हणजे जास्त झाला. मी तो मधेच बंद करून बघते. बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटलं, तर माप बरोबर. हे गुहारावांना सांगून उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी आत्याचा फोन. गळ्यातली गाठ काढायची ठरली, एकवीस तारखेला. आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री डॉक्टर देत नाहीत. हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि लगेच म्हणाली, "तर त्याआधी माझं गाणं रेकॉर्ड करायचं. तुझ्या दुकानात." स्टुडिओला ती दुकान म्हणते. मी हो म्हटलं.

५ फेब्रुवारी

आत्याकडे जाऊन आले. बाबांची ही थोरली बहीण कधी मंचावर चढली नाही. गाते ती बाथरूममध्ये, नळ सोडून, रोज, अंघोळ केव्हाच उरकलेली असली तरी. गाणं एकच, तिचं स्वतःचं. चाल तिची, शब्द तिचे, आणि ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.

बाहेर आतोबा पेपर धरून बसलेले. जन्मभर जमिनी मोजल्या, शब्दही मोजूनच वापरतात. बायकोच्या गाण्यावर त्यांचा आजवरचा एकच अभिप्राय — "टाकी रिकामी होईल."

"मला ना, ते दुकानात वाजवून विकायचंबिकायचं नाही," आत्या मला स्वयंपाकघरात म्हणाली. "या माणसाने एकदा नळाशिवाय ऐकावं, एवढंच. नंतर आवाज राहील न राहील."

आतोबांना विचारलं, रेकॉर्डिंगला येणार का? "बघू," म्हणाले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ नाही.

७ फेब्रुवारी

पहिला दिवस. वाया.

माझी गायची खोली चारी बाजूंनी फोमने मढवलेली. आवाज तोंडातून निघतो आणि जागच्या जागी मरतो. तसाच हवा असतो, कोरडा, म्हणजे नंतर त्याला हवं ते घुमणं देता येतं. पण आत्या दोन ओळींतच थांबली. "अगं, इथे मला माझा आवाज परतच येत नाही. भिंतीशी बोलावं तर भिंतसुद्धा तोंड फिरवून बसलेली." सूर खाली घसरत होता. तिला कळत होतं, मलाही. दोघी चहा प्यायला बाहेर पडलो.

९ फेब्रुवारी

आज तिच्या हेडफोनमध्ये रिव्हर्ब सोडला. गायकाला गाताना ओला, म्हणजे घुमणारा, आवाज ऐकवायचा, रेकॉर्ड मात्र कोरडाच करायचा. जुनी युक्ती, घाबरट गायकांवर हमखास चालते. आत्यावर नाही. रिव्हर्बचे प्रकार एकेक करून लावले.

मोठा हॉल लावला — "हे रेल्वे स्टेशन आहे. गाडी कुठली यायचीय?"

प्लेट लावली — "पत्र्याचा डबा."

स्प्रिंग लावली — "पलंग करकरतोय, लाज वाटते."

हजारो रुपयांची प्लगिनं, म्हणजे कॉम्प्युटरवरची रिव्हर्बची सॉफ्टवेअरं, आणि बाईंनी एका दुपारी सगळ्यांचा निकाल लावला. शेवटी म्हणाली, "माझं बाथरूम नाही का यात?"

मी हसले. मग हसायची थांबले.

१० फेब्रुवारी

सरळ बाथरूममध्येच माइक लावून पाहिला. वरच्या मजल्यावरच्यांचं पोट बिघडलेलं असावं, दर ओळीला फ्लश. शिवाय एकदा खोलीसकट आवाज घेतला की खोली परत काढता येत नाही. चहातून साखर काढता येते का?

पण नुसती खोलीच उचलून आणता येते! रिकाम्या खोलीत फुगा फोडायचा, त्यामागून खोली कशी घुमते ते रेकॉर्ड करायचं आणि ती फाईल प्लगिनला खाऊ घालायची. मग कोरडा आवाज त्या खोलीत गायल्यासारखा वाजतो. एवढी वर्षं परक्या हॉलच्या फाइली वापरल्या, घरच्या बाथरूमचं डोक्यात आलं नाही.

११ फेब्रुवारी

दुपारी आत्या शेजारी गेलेली, आतोबा खुर्चीत डुलक्या घेत होते, वरचे शांत. गुपचूप बाथरूममध्ये शिरले. बादल्या होत्या तिथेच ठेवल्या, तिचा टॉवेलसुद्धा खुंटीवरच. दार लावलं, रेकॉर्डर सुरू केला, कानांत कापसाचे बोळे घातले (कानांवर पोट आहे माझं) आणि फोडला फुगा. फट्!

बोळे काढून दार उघडलं तर आतोबा समोर. चौकट धरून उभे, एकाच पायात चप्पल, पेपर पार तिकडे जमिनीवर. माझ्याकडे बघितलं, हातातल्या रबराच्या चिंधीकडे बघितलं.

"तू आहेस होय," म्हणाले. आणि वळता वळता, "नळ नीट बंद कर."

नळ उघडलाच नव्हता. या माणसाचं काय करायचं!

१३ फेब्रुवारी

आत्याच्या हेडफोनमध्ये तिचं बाथरूम सोडलं. तिने नुसतं खाकरून पाहिलं आणि चेहरा असा फुलला! "अगंबाई. बादलीसकट आणलंस."

आणि गायली. अशी गायली की मी रेकॉर्डिंगचा काटा बघायची विसरले. दुसऱ्या कडव्यात माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ती काचेपलीकडून खुणावतेय, नाक पूस. एकदा गायली, पुरलं.

१६ फेब्रुवारी

मिक्स करतेय. रिव्हर्बमधला खालचा गडगडाट कापला, वरची सळसळ कापली. शब्द आणि घुमणं यांच्यात किंचित फट ठेवली, म्हणजे आत्या पुढे उभी राहते आणि बाथरूम मागे. सगळं शिस्तीत.

पण प्रत्येक ओळ संपली की मागे काहीतरी आहे. घुमणं विरत आलं की एक धूसर, ओलसर हुंकार. सूर संपला, मागून हुं. पुन्हा सूर, पुन्हा हुं. केबल बदलली. प्लगिन काढून परत टाकलं. गुहारावांना ऐकवलं तर म्हणाले, "भारी इफेक्ट आहे, माझ्या गाण्यालाही लाव." म्हणजे नक्कीच काहीतरी चुकलंय.

१७ फेब्रुवारी

शेवटी फुग्याचीच फाईल ऐकली, नुसती, आवाज चढवून. हे आधी करायला हवं होतं. फाईल न ऐकता प्लगिनला घालायची, हा नवशिक्याचा गाढवपणा मी केला.

फट्. मग घुमणं. ते विरतंय न विरतंय तोच दारापलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि "अगं!"

आतोबा. ती शेजारी गेल्याचं डुलकीत कळलंच नसणार; त्यांना वाटलं, आत्या आत पडली. माझ्या कानांत कापूस, मला ऐकूच आलं नाही.

एवढंसं "अगं", पण तो आवाज मी या माणसाचा कधी ऐकला नव्हता. प्लगिनच्या लेखी तोही खोलीचाच भाग. म्हणून आत्याच्या प्रत्येक सुरामागून तो निघतो, विरघळून, ओळखू न येण्याइतका. तिचा सूर, मागून हा घाबरलेला. तिचा सूर, मागून हा.

फाईलचं हे "अगं"चं शेपूट कापायला एक क्लिक लागते. बोट माउसवर ठेवून बसून राहिले.

२० फेब्रुवारी

आत्या ऐकायला आली. आतोबा नाहीत. "बघू" म्हणाले होते.

तिने डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "माझ्या मागे कोण आहे?"

फुग्याची फाईल लावली. तिने पुन्हा लावायला सांगितली. आणि पुन्हा.

"हा धावला?" आत्या म्हणाली. "आमच्या लग्नाच्या दिवशी बस सुटत होती तरी हा माणूस चालत आला होता."

"काढू का?"

ती गळ्यावरून हात फिरवत होती. मी तिच्या हाताकडे बघायचं टाळलं.

"राहू दे. पण अगदी हळू ठेव. त्याला कळलं तर संकोचेल."

तेवढं माप मात्र मी जन्मात घेतलं नसेल असं घेतलं. गाण्याची फाईल आतोबांच्या फोनवर पाठवली.

२१ फेब्रुवारी

गाठ निघाली. साधीच होती. आवाजाचं आत्ता सांगता येत नाही. पुढचा हुकूम होईपर्यंत बोलायला बंदी. डॉक्टरच्या हिमतीला दाद द्यायला हवी, आत्याला गप्प राहायला सांगितलं त्याने.

आतोबांना दवाखान्यात विचारलं, गाणं ऐकलंत का? "नाही," म्हणाले. मला राग आला, तसं त्यांना बोललेही. ते आत्याची पाण्याची बाटली भरायला निघून गेले.

२७ फेब्रुवारी

आत्या घरी येऊन दोन दिवस झाले. आतोबांनी फाईल अजून उघडलेली नाही. माझ्या फोनवर तसं दिसतं. मी बघणं सोडून दिलंय.

१ मार्च

सकाळी आत्याचा मेसेज. बोलता येत नाही म्हणून सगळं टाइप करते. जसाच्या तसा उतरवते:

"हा माणूस बाथरूममध्ये गातोय. माझं गाणं. फार बेसूर. पण तिन्ही कडवी, एक शब्द चुकला नाही. फाईल उघडली नाहीये, मी पाहिलं. मी दाराबाहेर उभी आहे. टाकी रिकामी होईल, होऊ दे."